रोटर मारा, पण कुठं आणि किती?

मृगाचा पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी गावोगाव फोन सुरू होतात. पूर्वी औताला बैल मागायला माणूस शेजारच्या वस्तीवर जायचा, आता ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो. ‘आण्णा, आपला नंबर कधी?’ तिकडून उत्तर येतं, ‘आज रात्री अकराला येतो, जागे राहा.’ रात्री अकराला दिवे लावून ट्रॅक्टर शिवारात शिरतो. मागे सहा फुटी रोटर. पहाटेपर्यंत पाच एकर रान चाळणीतून गाळल्यासारखं होतं. सकाळी मालक बांधावर उभा राहतो, मूठभर माती उचलतो, बोटांतून सोडतो आणि म्हणतो, ‘वा! पिठासारखी झाली बघा.’

या पिठाबद्दलच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. आणि त्या रात्री अकराच्या ट्रॅक्टरबद्दलही.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर कोणी म्हणेल पेपरवाले यंत्राच्या विरोधात आहेत. तसे काही नाही. बैल परवडेनासे झाले, माणूस मिळेना झाला, काष्टी-घोडेगावच्या बाजारात जोडीची किंमत ऐकून लहान शेतकरी माघारी येतो. अशा वेळी नांगरट, कुळवणी, ढेकळं फोडणं ही तीन-चार कामं एका फेऱ्यात उरकणारं अवजार दारात आलं, तर ते का घेऊ नये? खोडव्यानंतर उसाच्या बुडख्या आणि पाचट फोडून मातीत मिसळायचे असेल, फुलोऱ्याच्या आधी ताग किंवा धैंचा गाडायचा असेल, कांद्याच्या रोपवाटिकेला गादीवाफे करायचे असतील, तर रोटाव्हेटरसारखं दुसरं अवजार नाही. पाचट पेटवून देण्यापेक्षा ते रोटरखाली घालणारा शेतकरी शहाणाच म्हटला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे, की हे अवजार जिथं लागतं तिथं आपण वापरतो का? की ते दारात उभं आहे म्हणून प्रत्येक पिकाला, प्रत्येक जमिनीत आणि प्रत्येक ओलीत वापरतो?

या यंत्राचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगांड्रा नावाचं गाव आहे. तिथल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या पोरानं १९१२ साली वडिलांच्या शेतावर, वाफेवर चालणाऱ्या इंजिनाची शक्ती कुळवाच्या तव्यांना जोडून ते गरगर फिरवून पाहिले. नांगराने माती खाली दाबली जाते, तशी न दाबता ती भुसभुशीत करता येईल का, हे त्याला बघायचं होतं. सुरुवातीला माती बाजूला फेकली जायची. मग त्यानं ‘एल’ आकाराची पाती बसवली आणि ती अडचण सुटली. १९२० मध्ये त्याने पेटंट घेतलं, १९२२ मध्ये कारखाना काढला. आज तुमच्या शेतात फिरणारी पाती त्याच ‘एल’ आकाराची आहेत. म्हणजे जमीन दाबली जाऊ नये म्हणून निघालेलं यंत्र आहे हे! आणि आज आपल्या काळ्या रानात जमीन घट्ट होण्याच्या कारणांत त्याचंच नाव घ्यावं लागतं. दोष हॉवर्डचा नाही.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. आज त्या गोष्टीवर आपण हसतो. पण तो शेतकरी निदान जमिनीचं काय होईल असा प्रश्न तरी विचारत होता, हेही विसरू नये.

आता जमिनीकडे वळू. रोटरच्या पात्याचा खालचा आडवा भाग माती कापताना तिच्या खालचा थर घासत जातो. कोरड्या किंवा वाफशावरच्या जमिनीत त्याचं फारसं काही वाटत नाही. पण गोदावरी-प्रवरेच्या कालव्याखालची काळी, चिकण जमीन ओली असताना तेच पातं गवंड्याच्या थापीसारखं काम करतं. गवंडी गिलावा घोटतो तसा खालचा थर घोटून निघतो. रोटर बहुतेक वेळा चार-पाच इंचांवर चालतो. दर हंगामाला त्याच खोलीवर घोटाई झाली, वरून ट्रॅक्टरचं वजन पडलं, की पाच-सहा वर्षांत चार-पाच इंचांखाली एक पक्की फरशी तयार होते. वर मऊ गादी, खाली फरशी. वरून बघणाऱ्याला रान झकास दिसतं.

खात्री करायची असेल तर खर्च काही नाही. एक कुदळ-फावडं आणि एक लोखंडी सळई घ्या. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत सळई हाताने दाबा. चार-पाच इंच सहज जाते आणि मग अडते, तेव्हा समजा. शेजारी बांधावर, जिथं रोटर कधी गेला नाही तिथं, तीच सळई दाबून बघा आणि फरक मनाशी धरा. नंतर दीड फूट खोल खड्डा घ्या आणि उभ्या पिकाची मुळं बघा. शेवगाव, नेवासा, पाथर्डीकडच्या कापूसवाल्यांनी आणि तूरवाल्यांनी हे जरूर करावं. सोटमूळ सरळ खाली जायला पाहिजे. ते पाच इंचांवर जाऊन कोपऱ्यासारखं आडवं वळलेलं असेल, तर पाऊस आठ दिवस लांबला की झाड माना का टाकतं याचं उत्तर तिथेच मिळेल. खत दुकानदाराकडे जाऊन आणखी एक बाटली आणण्याआधी हा खड्डा घेतला तर बरं.

पाण्याचा हिशेबही करून बघा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटरच्या वर पाणी झालं. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. अकोल्याचा डोंगरी भाग सोडला तर पावसाचं माप बेताचंच असतं आणि तो पडतो तोही तासाभरात धो धो. तेवढ्या वेळात जमिनीनं जितकं पाणी पोटात घेतलं तितकं आपलं, बाकीचं ओढ्याचं. खाली फरशी असेल तर पाणी वरच्या चार इंचांत मुरतं, गादी पिऊन फुगते, आणि मग उतार दिसेल तिकडे मातीसकट धावतं. पारनेर, पाथर्डी, संगमनेरच्या पठारावरच्या हलक्या मुरमाड जमिनीत तर पिठासारखी केलेली माती पहिल्याच वळवात खालच्या शेतात जाते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन गावं आपल्याच जिल्ह्यातली. डोंगरावर चर खोदून, बांध घालून त्यांनी पळणाऱ्या पाण्याला चालायला शिकवलं, आणि ते बघायला देशभरातून माणसं आली. आपण मात्र बाकीच्या गावांत डोंगरावर सरकारी पैशानं चर खोदतो आणि खाली स्वतःच्या शेतात उताराच्या दिशेनं रोटर फिरवतो. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास बरा पडतो, वळणं कमी येतात, म्हणून तो उताराने चालतो. त्याला सांगा, आडवा चाल. डिझेल थोडं जास्त जाईल, त्याचे पैसे द्या.

बाजरीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. हा अनुभव आमच्या घरच्याच दोन एकरांतला आहे, म्हणून सांगायला लाज वाटत असली तरी सांगतो. रान रोटरने दोनदा मारून मैद्यासारखं केलं, बाजरी पेरली, तिसऱ्या दिवशी जोराची सर आली आणि लगेच कडक ऊन पडलं. वरची बारीक माती बसली आणि तिचा पापुद्रा झाला, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. बाजरीचं दाणं ते केवढं! त्याच्या मोडाला तो पापुद्रा फोडता येईना. उकरून बघितलं तर मोड आतल्या आत दुमडलेले. दुबार पेरणी केली. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी कुळवाच्या दोन पाळ्या घालून पेरलं होतं, त्यांच्या रानात हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी ढेकळं दिसत होती. आम्ही त्यांना हसलो होतो. त्यांची बाजरी एकसारखी उगवली. बारक्या ढेकळांमुळे पावसाचा मार तुटतो, पाण्याला फटी मिळतात आणि पापुद्रा एकसंध होत नाही. पेरणीच्या रानात दाण्याभोवती बारीक माती पाहिजे हे खरं, पण वरचा थर मैदा झाला तर त्याचे हे असे भोग आहेत.

मग करायचं काय? ओलीचं तंत्र सांभाळा, हे पहिलं. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चेंडूसारखा पडून राहिला किंवा चपटा झाला तर ट्रॅक्टर परत पाठवा. इथंच खरी अडचण आहे, हे आम्हालाही कळतं. नंबर लागलेला असतो, आज परत पाठवला तर पुन्हा आठ दिवस येत नाही. म्हणून माणूस म्हणतो, ओल जरा जास्त आहे, पण मारून घेऊ. त्या एका रात्रीची घोटाई तीन वर्षं पुरते. एका वस्तीवरच्या पाच-सहा जणांनी मिळून एकच ट्रॅक्टरवाला ठरवला आणि ज्याच्या रानाला आधी वाफसा येईल त्याचं आधी, असं ठरवून घेतलं, तर ही घाई कमी होते. हलकी जमीन आधी वाफशावर येते, काळी मागून. भावकीत एवढं जमलं पाहिजे.

रोटरच्या आधी कधीतरी नांगर लागतोच. दरवर्षी नको, पण दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात पलटी नांगराने खोल नांगरट करून रान तापू द्या. उसाच्या आणि कालव्याखालच्या रानात, जिथं फरशी आधीच झाली आहे, तिथं सबसॉयलर चालवावा लागेल. आणि तो एप्रिल-मेमध्येच, जमीन कोरडी ठणठणीत असताना. कोरडी असली तरच खालचा थर तडकतो. ओलीत चालवला तर नुसती भेग पडते आणि पुन्हा मिटते. रब्बी ज्वारीच्या रानात, कर्जत-जामखेडकडे, जिथं ओल धरून ठेवायची असते तिथं रोटरपेक्षा कुळवाची पाळी बरी. दर फेऱ्याला उलथीपालथी केलेली माती वाऱ्याला लागते आणि ओल उडते, हे जुन्या माणसांना शिकवावं लागत नव्हतं.

रोटर चालवतानाही माती बारीक-जाड करणं आपल्या हातात असतं. मागचा पत्रा पूर्ण खाली सोडला की ढेकळं त्यावर आपटून बारीक होतात. थोडा वर बांधला की जाड राहतात. ट्रॅक्टर जरा वरच्या गिअरमध्ये चालवला आणि रोटरचा वेग कमी ठेवला तरी माती जाड पडते. पण दगडाच्या रानात पत्रा वर बांधू नका, दगड गोळीसारखा मागे येतो. पाती झिजून बोथट झाली की ती कापत नाहीत, नुसती रगडतात, डिझेलही जास्त खातात. भाड्याने ट्रॅक्टर बोलावताना एकरी भाव किती हे सगळे विचारतात, पाती किती जुनी आहेत हे कोणी विचारत नाही. विचारा. आणि एकदा मारलेल्या रानात ‘अजून एक पाळी टाक’ असं सांगण्याआधी, ती पाळी पिकाला पाहिजे आहे की डोळ्यांना, याचा जरा विचार करा.

इतका वेळ मातीचं बोललो. आता माणसाचं.

ट्रॅक्टरच्या मागून रोटरला शक्ती नेणारा जो शाफ्ट असतो, पी.टी.ओ. शाफ्ट, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट सात सेंटीमीटर जाडीचा धरला तर त्याचा घेर बावीस सेंटीमीटर होतो. नऊ फेऱ्यांत तो जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. खांद्यावरचं उपरणं, बाईचा पदर, धोतराचा सोगा, पावसाळ्यात अंगावर घेतलेली घोंगडी, यातलं काहीही त्याला शिवलं तर एका सेकंदात माणूस शाफ्टपाशी ओढला जातो. ‘अरे बंद कर’ एवढं म्हणायलाही एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. नवीन यंत्राबरोबर या शाफ्टला प्लॅस्टिकचं कव्हर येतं. तुम्ही आज संध्याकाळी गावातले ट्रॅक्टर मोजा आणि किती शाफ्टांवर ते कव्हर शिल्लक आहे ते बघा. पहिल्या हंगामात तडा जातो, दुसऱ्या हंगामात ‘ग्रीस द्यायला अडचण होते’ म्हणून काढून टाकतात, आणि मग ते गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेलं असतं.

अपघात होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ठिबकची नळी किंवा पाचट रोटरला गुंडाळतं, ड्रायव्हर खाली उतरतो आणि इंजिन चालू ठेवूनच हाताने ओढायला लागतो. जमीन कडक लागते, रोटर उचलतो, म्हणून मालक वजनाला स्वतः किंवा गड्याला रोटरवर उभा करतो. पोरगं हट्ट करतं म्हणून त्याला मडगार्डवर बसवतात. वळताना एक चाक बांधावर चढतं आणि पोरगं मागे पडतं, आणि मागे काय फिरत असतं ते सांगायला नको. रात्री मालक बॅटरी घेऊन रोटरच्या मागे मागे चालतो. ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा, कारण त्याला एकरावर पैसे मिळतात, तासावर नाही. यातलं एकही चित्र तुम्ही पाहिलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगा बरं!

खाली उतरायचं असेल तर पी.टी.ओ. सोडवायचा, रोटर जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात टाकायची आणि पाती थांबेपर्यंत उभं राहायचं. पाच एकरांत दहा वेळा उतरावं लागलं तरी वीस मिनिटांच्या वर वेळ जात नाही. रोटरवर वजन लागतच असेल तर दगडाची पोती बांधा, माणूस उभा करू नका. आणि ठिबकच्या नळ्या रोटर येण्याआधी गोळा करून ठेवणं हे मालकाचं काम आहे, ड्रायव्हरचं नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब मंडळी, आता थोडं तुमच्याकडे. (तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, पण लोकांच्या तोंडी तुम्ही दोघेही भाऊसाहेबच.) शेतात अपघात झाला की घरचे दवाखान्यात धावतात, कागद कोणाला सुचत नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, म्हणजे २०२३ पासूनच्या योजनेत, अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख रुपये आणि एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि तोही ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. दहावा-तेरावा होईपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. तेव्हा घरच्यांनी विचारण्याची वाट न पाहता सातबारा आणि पंचनाम्याची नक्कल तुम्हीच हातात ठेवावी, एवढी अपेक्षा आहे.

पण या योजनेत एक फट आहे, आणि ती नेमकी त्या रात्री अकराच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या खाली आहे. योजना खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका बिनखातेदार माणसाला लागू आहे. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा बहुधा भूमिहीन घरातला असतो. त्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या बापाच्याही नाही. यंत्राला सर्वात जवळ तोच, आणि मदतीच्या यादीत तोच नाही. ट्रॅक्टरने शेतीकाम करणाऱ्या मजुराचा उल्लेख १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत होता. म्हणजे मालकाची जबाबदारी कायद्याने पूर्वीच मानलेली आहे. पण गावात अशी भरपाई मागायला कोण जातो? त्यामुळे ट्रॅक्टरमालकांनी विमा काढताना ड्रायव्हरचा समावेश आहे का हे वाचून घ्यावं. आणि ट्रॅक्टर भाड्याने फिरवत असाल तर कागदावर ‘स्वतःच्या शेतीसाठी’ असं लिहिलेलं नाही ना, हेही बघा. दावा आल्यावर कंपनी पहिल्यांदा तोच शब्द शोधते. खातेदाराची व्याख्या वाढवून ट्रॅक्टरचालक मजुराला योजनेत घ्यावं, ही मागणी ग्रामसभांचे ठराव गेले तरच वर ऐकू जाईल.

दुसरी गोष्ट बांधाची. बांधाच्या कडेने रोटर फिरला की बांधाचा पाय मोकळा होतो, पाऊस उरलेलं काम करतो आणि चार वर्षांत दोन फूट बांध शेजाऱ्याकडून सरकतो किंवा शेजाऱ्याकडे. मग मोजणी, मग तहसील, मग डोकी फुटतात. हद्दीच्या खुणा सांभाळणं ही जमीन महसूल संहितेप्रमाणे जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. बांधापासून हातभर जागा सोडून रोटर फिरवावा आणि तेवढी पट्टी कुदळीने काढावी. ही गोष्ट भांडणाच्या आधी सांगितली तर लोक ऐकतात.

तिसरी अनुदानाची. महाडीबीटीवर अर्ज करून रोटाव्हेटर घेणाऱ्यांनी पूर्वसंमती येण्याआधी यंत्र उचलू नये, पैसे अडकतात. आणि आपल्या ट्रॅक्टरची ताकद बघून फूट ठरवा. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सात फुटी रोटर लावला की शेजारी वाहवा करतील, पण क्लच आणि डिझेलचं बिल तुमच्या घरी येईल. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. पाच-दहा ट्रॅक्टरवाल्यांना घेऊन एक दिवस तिकडे जायला कोणी बंदी केलेली नाही. सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खर्चात ती एक सहल बसेल. देवदर्शनाच्या सहली निघतातच की.

येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या: शाफ्टवर कव्हर नसलेला ट्रॅक्टर आपल्या शिवारात कोणी बोलावायचा नाही. दंडाची भाषा नको, नुसतं बोलावणं बंद. भाडं बंद झालं की आठ दिवसांत खुराड्यावरची कव्हरं शाफ्टवर परत येतील. आणि ती बसवताना कव्हरला जी बारकी साखळी येते ती ट्रॅक्टरच्या बाजूला अडकवायला विसरू नका. साखळी नसली की कव्हरही शाफ्टबरोबर फिरतं, आणि मग ते असून नसल्यासारखंच.